जर्मनीत ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचं सल्लागार मंडळ कसं उभं करायचं, कसं चालवायचं

जर्मनीत शिकायला येणारी मराठी मुलं-मुली आता फक्त इंजिनिअरिंगला येत नाहीत. समाजकार्य, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र घेणारेही बरेच आहेत, आणि त्यांतले काही जण इंटर्नशिपला किंवा पहिल्या नोकरीला ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेत रुजू होतात. तिथे नव्या माणसाकडे हमखास एक काम येतं: "बायराटचं तू बघ." बायराट म्हणजे तज्ज्ञ सल्लागारांचं मंडळ. वरवर पाहता बैठकीच्या तारखा ठरवायच्या, कॉफी मागवायची, इतिवृत्त लिहायचं, एवढंच काम दिसतं. पण संस्थेचं बरं-वाईट बऱ्याचदा याच टेबलावर ठरतं.

बर्लिनमधल्या अशा एका संस्थेच्या कार्यालयात मी हे काम पाहते. नव्याने आलेली मुलं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. सल्लागार मंडळ लेटरहेडवर नावं छापायला नसतं. एखादी चूक बाहेर जाण्याआधी "हे करू नका" असं तोंडावर सांगणारी आणि तसं सांगण्याइतकं जाणणारी माणसं हाताशी असावीत, यासाठी ते असतं. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासून पाहा.

१. आधी संस्थेची घटना वाचा

जर्मनीतली नोंदणीकृत संस्था म्हणजे फेराइन. नोंदणीच्या वेळी किमान सात सभासद लागतात आणि संस्थेचा कारभार फोरश्टांड, म्हणजे कार्यकारिणी, पाहते. कायद्यापुढे जबाबदार तीच. सल्लागार मंडळ असलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, त्यामुळे त्याला किती अधिकार आहेत हे फक्त तुमच्या संस्थेच्या घटनेवरून, म्हणजे झाट्सुंगवरून, कळतं.

घटनेत चार गोष्टी शोधा: मंडळ नेमतं कोण, मुदत किती, त्याला नुसता सल्ला द्यायचा आहे की एखाद्या बाबतीत त्याची संमती बंधनकारक आहे, आणि सल्लागाराला काढायची वेळ आली तर कोण काढणार. यांतलं काहीच लिहिलेलं नसेल तर कार्यकारिणीशी बोलून आधी ते ठरवून घ्या.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे उत्साहाच्या भरात सगळे बारकावे घटनेतच लिहून टाकणं. घटनेत वेगळं काही नमूद नसेल तर तिच्या दुरुस्तीला सर्वसाधारण सभेत पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. मग नोटरीकडून सह्या प्रमाणित करून घ्यायच्या, न्यायालयातल्या संस्था-नोंदवहीत बदल नोंदवायचा, आणि नोंद होईपर्यंत तो लागू होत नाही. तेव्हा घटनेत "संस्थेला सल्लागार मंडळ असेल आणि ते कार्यकारिणी नेमेल" एवढी दोन-तीन वाक्यं पुरेत. बैठका किती, कोरम किती, इतिवृत्त कोणी लिहायचं हे सगळं वेगळ्या कार्यपद्धतीच्या कागदावर जाऊ द्या. तो कागद कार्यकारिणी एका बैठकीत बदलू शकते.

२. माणसं निवडताना

इथे घाई करू नका.

जर्मनीच्या संसदेने नोव्हेंबर २००८ मध्ये ठराव करून ज्यूद्वेषावर स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ नेमायला सांगितलं. पहिल्या मंडळाने २०११ मध्ये अहवाल दिला. दुसरं मंडळ जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं तेव्हा लक्षात आलं की त्यात एकही ज्यू सदस्य नाही. ज्यांच्याविरुद्धच्या द्वेषाचा अभ्यास करायचा, त्यांच्यापैकी कोणीच टेबलावर नाही! ज्यू संस्थांनी आणि अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतला आणि मग ज्यू तज्ज्ञांना मंडळात घेण्यात आलं. त्याच मंडळाच्या २०१७ च्या अहवालातला एक निष्कर्ष आजही आमच्या कामाचा पाया आहे: बहुसंख्य समाजाला ज्यूद्वेष ही मागे पडलेली, किरकोळ गोष्ट वाटते आणि ज्यूंना तो रोजच्या जगण्यात भेटतो. ही दरी बाहेरून पाहणाऱ्याला सहजी दिसत नाही. सरकारने ज्यूद्वेषविरोधी आयुक्त नेमावा अशी शिफारसही याच अहवालात होती, आणि मे २०१८ मध्ये फेलिक्स क्लाइन यांनी त्या पदाचा कार्यभार घेतला. नीट घडवलेलं सल्लागार मंडळ काय करू शकतं याचं हे ठळक उदाहरण आहे.

म्हणून पहिला नियम: मंडळात ज्यू सदस्य हवेतच, आणि एकाहून जास्त हवेत. एकाच माणसाला "ज्यूंचं म्हणणं काय?" असं विचारत बसणं हा त्या माणसावर अन्याय आहे. इथल्या ज्यू समाजात किती तऱ्हा आहेत ते पाहा. १९९१ नंतर जुन्या सोव्हिएत संघातून दोन लाखांच्या आसपास लोक ज्यू निर्वासित म्हणून आणि त्यांचे कुटुंबीय म्हणून आले. आजच्या ज्यू समाजमंडळांमध्ये बहुसंख्य सभासद त्या घरांतले आहेत आणि अनेक घरांत अजून रशियन बोलली जाते. बर्लिनमध्ये इस्रायलहून आलेले तरुण वेगळे, सनातनी वेगळे, उदारमतवादी वेगळे, धर्म न पाळणारे वेगळे. त्यांची राजकीय मतंही एक नाहीत.

बाकीच्या खुर्च्यांसाठी मी या क्रमाने विचार करते. पीडितांना समुपदेशन देणारी व्यक्ती सर्वांत आधी, कारण संस्थेच्या कोणत्याही कृतीने कोणाला इजा होईल हे तिला सगळ्यांत लवकर दिसतं. या कामाचा अनुभव जर्मनीत २०१७ पासून ओफेक या समुपदेशन केंद्राने बराच जमवला आहे. त्यानंतर वर्गात प्रत्यक्ष शिकवलेली व्यक्ती. मग इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा अभ्यासक; बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात १९८२ पासून ज्यूद्वेषाच्या संशोधनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करता येते. फौजदारी कायदा जाणणारा वकील. आणि स्थलांतरितांच्या वस्तीत तरुणांबरोबर काम करणारं कोणीतरी. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातल्या किगा या संस्थेने मुस्लिम घरांतल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं हे काम केलं आहे. त्या अनुभवाशिवाय बसलेलं मंडळ फार लवकर "ज्यूद्वेष म्हणजे फक्त ते लोक" असं म्हणू लागतं. नव-नाझींकडे बोट दाखवून मोकळे होणारेही असतात, स्थलांतरितांकडे बोट दाखवून मोकळे होणारेही असतात. मंडळात दोघांनाही अडवणारं कोणीतरी असलं पाहिजे.

सात ते नऊ माणसं पुरेत. त्याहून मोठं मंडळ झालं की बैठकीत भाषणं होतात, सल्ला मिळत नाही. मोठ्या नावांचा मोह टाळा. ज्यांच्याकडून ई-मेलला महिनाभर उत्तर येत नाही अशा नामवंत प्राध्यापकापेक्षा, मसुदा वाचून दोन दिवसांत समासात टिपणं लिहून पाठवणारी शाळेतली शिक्षिका संस्थेच्या कितीतरी जास्त उपयोगाची.

३. निमंत्रण आणि त्याबरोबरचे कागद

तोंडी निमंत्रणावर थांबू नका. फोनवर होकार आला की त्याच आठवड्यात पत्र पाठवा. सोबत हे कागद लागतात:

- संस्थेची घटना आणि मंडळाच्या कार्यपद्धतीचा कागद
- कामाचं एक पानी वर्णन: वर्षाला किती बैठका, मधल्या काळात साधारण किती वेळ द्यावा लागेल, मुदत किती वर्षांची
- हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म: इतर संस्थांतली पदं, पक्षाचं सभासदत्व, संस्थेकडून मिळणारं कोणतंही मानधन, पूर्वी सह्या केलेली जाहीर निवेदनं
- गोपनीयतेचा करार, कारण बैठकीत पीडितांच्या हकीकती येतात
- वैयक्तिक माहिती, नाव आणि फोटो वापरण्याची लेखी संमती, प्रत्येकीची वेगळी
- प्रवासखर्चाचा फॉर्म आणि त्याचे नियम
- माध्यमांशी कोण बोलणार याचं चार ओळींचं टिपण

जाहीर निवेदनांवरच्या सह्यांचा रकाना पाहून काही जण नाराज होतात. कारण समजावून सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये कासेलच्या डोकुमेंटा या कलाप्रदर्शनाच्या पुढच्या आवृत्तीसाठी कलादिग्दर्शक शोधणाऱ्या समितीतून मुंबईचे कवी आणि क्युरेटर रणजित होस्कोटे यांनी राजीनामा दिला. मुंबईतल्या इस्रायली वकिलातीच्या एका कार्यक्रमाविरुद्ध २०१९ मध्ये निघालेल्या निवेदनावर त्यांची सही होती. त्या निवेदनामागे इस्रायलवर बहिष्कार घालण्याची मागणी करणारी चळवळ होती आणि हे एका जर्मन वृत्तपत्राने छापलं. ज्यूद्वेषाचा आरोप होस्कोटे यांनी ठामपणे नाकारला. पण काही दिवसांतच सगळी समिती बाहेर पडली. त्या वादात कोण बरोबर यावर इथे आजही दोन मतं आहेत. तुमच्यासाठी त्यातली व्यवहाराची गोष्ट एवढीच, की सही असल्याने कोणी अपात्र ठरत नाही, पण ती सही संस्थेला वर्तमानपत्रातून कळू नये. आधी कळली तर बसून बोलता येतं.

मानधनाबाबत थोडक्यात: सल्लागाराचं काम मानद ठेवा आणि फक्त प्रवासखर्च द्या. त्याच व्यक्तीकडून पैसे देऊन अहवाल किंवा कार्यशाळा करून घ्यायची असेल तर तो व्यवहार कार्यकारिणीने स्वतंत्र करारावर करावा, आणि त्या विषयावरच्या चर्चेत ती व्यक्ती बसू नये. अनुदान देणारे हे नेमकं तपासतात.

४. सल्लागारांची सुरक्षितता ही तुमची जबाबदारी आहे

नवीन माणसाला हा भाग कोणी सांगत नाही. या क्षेत्रात नाव छापून आलं की धमक्यांचे ई-मेल येतात. जर्मनीत प्रत्येकाला आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो आणि थोडकी फी भरून, नाव आणि आणखी एखादा तपशील सांगून, तिथून कोणाचाही पत्ता मिळवता येतो. हे ऐकून आपल्याकडची माणसं चकित होतात. यावर उपाय आहे: नोंदणीविषयक कायद्याच्या ५१व्या कलमाखाली माहिती रोखून ठेवण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी धोक्याची कारणं दाखवावी लागतात, म्हणून संस्थेने लेटरहेडवर पत्र द्यावं: ही व्यक्ती आमच्या मंडळावर आहे, कामाचं स्वरूप असं आहे, संस्थेला आजवर आलेल्या धमक्या अशा आहेत. धमकीचा प्रत्येक ई-मेल, प्रत्येक स्क्रीनशॉट तारीख घालून जपून ठेवायचा तो यासाठीच. रागाच्या भरात डिलीट करू नका.

संकेतस्थळावर कायद्याने जो पत्ता द्यावा लागतो तो कार्यालयाचाच द्या, कोणा पदाधिकाऱ्याच्या घरचा नको. बैठकीची जागा जाहीर करू नका. ज्या सल्लागाराला नाव छापायचं नसेल त्याचं छापू नका आणि त्यावर वाद घालू नका. मुंबईकराला हे पटवून द्यावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये घुसलेल्यांनी ते घर ज्यूंचं आहे म्हणूनच निवडलं होतं.

५. व्याख्येचा प्रश्न पहिल्याच वर्षी सोडवा

ज्यूद्वेष कशाला म्हणायचं यावर दोन प्रमुख मांडण्या तुमच्यासमोर येतील. पहिली आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने मे २०१६ मध्ये स्वीकारलेली कार्यकारी व्याख्या (होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार). तिच्यासोबत अकरा उदाहरणं आहेत आणि त्यांतली बरीचशी इस्रायलसंबंधी आहेत. जर्मन सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये तिला पाठिंबा दिला. दुसरी मार्च २०२१ मधली जेरुसलेम घोषणा. पहिल्या व्याख्येचा वापर इस्रायलवरची टीका दाबायला होतो, अशी चिंता वाटणाऱ्या अभ्यासकांनी ती तयार केली. उलट पक्षाचं म्हणणं असं की दुसरी मांडणी इस्रायलच्या आडून येणाऱ्या द्वेषाला फार मोकळीक देते.

दोन्ही मूळ मसुदे स्वतः वाचा, सारांशांवर जाऊ नका. पहिली व्याख्या स्वतःला कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नसलेली म्हणवते, आणि इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असं तिच्यातच लिहिलेलं आहे. हे वाक्य व्याख्येचे विरोधक आणि समर्थक दोघेही विसरतात.

मंडळाला "कोणती व्याख्या बरोबर?" असं विचारलंत तर वर्ष त्यातच जाईल. त्याऐवजी आपल्या कामातली खरी दहा-बारा उदाहरणं नावं काढून त्यांच्यापुढे ठेवा: सभागृहाच्या भिंतीवरची घोषणा, वर्गातला शेरा, मोर्चातला फलक. प्रत्येकावर विचारा, याला आपण काय म्हणायचं आणि का? त्यातून एक-दोन पानांचा कार्यालयीन मार्गदर्शक कागद तयार होतो. आमच्या टेबलावर व्याख्येवरून तावातावाने भांडणारी माणसं उदाहरणं समोर आल्यावर बहुतेक ठिकाणी एकमत झाली. जिथे झाली नाहीत तिथे दोन्ही मतं कागदावर नोंदवून ठेवली. तो कागद रोज वापरात आहे.

६. तारीख आणि जेवण

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, म्हणून हिवाळ्यात शुक्रवारी दुपारची बैठकही चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठे सण येतात आणि त्यांच्या तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा ज्यू दिनदर्शिका समोर ठेवूनच वर्षाच्या तारखा काढा. २७ जानेवारी (होलोकॉस्टचा स्मृतिदिन) आणि ९ नोव्हेंबर (१९३८ मधल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांचा स्मृतिदिन) यांच्या आसपास सगळे सल्लागार कुठे ना कुठे व्याख्यानाला गेलेले असतात. मराठी वाचकाला यात परकं वाटायचं कारण नाही. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून अलिबागच्या पट्ट्यात त्यांना शनवार तेली हे नावच पडलं.

खाण्याच्या बाबतीत प्रत्येकाला आधी वेगवेगळं विचारा. कोणी कोशर, म्हणजे ज्यू धर्मातले खाण्याचे नियम, काटेकोर पाळतं, कोणी अजिबात नाही. शाकाहारी आहे म्हणजे सगळ्यांना चालेल, हा आपला हमखास गैरसमज. भांडी, चीज, वाइन यांचेही नियम असतात. खात्री नसेल तेव्हा अख्खी फळं आणि मोहोरबंद कोशर पाकिटं ठेवा, कागदी ताटल्यांसह.

७. प्रश्न नीट विचारा

सल्ला कितपत उपयोगी मिळेल हे प्रश्नावर ठरतं, आणि प्रश्न लिहिणं तुमच्या हातात आहे.

"आमच्या शालेय कार्यशाळेबद्दल आपलं मत काय?" असं विचारलंत तर "छान आहे, आणखी सखोल हवी" असं उत्तर येईल. तोच विषय असा विचारा: "नववीच्या वर्गात १९३०च्या दशकातलं नाझी प्रचाराचं व्यंगचित्र पडद्यावर दाखवावं का? दाखवायचं तर किती वेळ, त्याआधी काय सांगून, आणि हातात छापील प्रत द्यावी की नाही?" याला उत्तर देताना कोणाला मोघम बोलता येत नाही.

हा प्रश्न आमच्याकडे आला तेव्हा वकिलांनी सांगितलं की नाझी चिन्हं दाखवायला कायद्याची बंदी आहे, मात्र शिक्षणासाठी त्यात सवलत आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. इतिहासाच्या अभ्यासकांचं मत पडलं, दाखवावं, मुलांना प्रतिमेची ताकद कळली पाहिजे. मग शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी पेन्सिलीचं टोक चित्राखालच्या आमच्या तीन ओळींच्या स्पष्टीकरणावर ठेवलं आणि विचारलं, "मुलं याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतील तेव्हा या तीन ओळी त्यात असतील का?" टेबलावर कोणी काही बोललं नाही. शेवटी असं ठरलं की चित्र पूर्ण दाखवायचं नाही. त्याचे तुकडे दाखवून ते कसं घडवलं आहे हे उलगडायचं, शेजारी त्याच काळातल्या एका ज्यू कुटुंबाचे खरे फोटो ठेवायचे, आणि छापील प्रत कोणाच्याच हातात द्यायची नाही. वर्गात ज्यू मूल असू शकतं हे धरूनच तयारी करायची, हेही त्या दिवशी ठरलं. ते मूल स्वतःहून सांगेलच असं नाही.

बैठकीच्या दोन आठवडे आधी कागद पाठवा. एका बैठकीला तीनच प्रश्न, प्रत्येकासाठी जास्तीत जास्त दोन पानांची पार्श्वभूमी. शेवटी एक ओळ: "आम्हाला तुमच्याकडून हा निर्णय/ही शिफारस/ही दुरुस्ती हवी आहे."

८. आकडे मांडताना मंडळाची सही घ्या

संस्था आकडे देते आणि पत्रकार ते उचलतात, म्हणून हा वेगळा मुद्दा. २०२४ साली जर्मन पोलिसांनी ज्यूद्वेषी हेतूचे ६,२३६ गुन्हे नोंदवले. त्याच वर्षी रियास या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने ८,६२७ घटना नोंदवल्या. दोन्ही आकडे खरे आहेत. पोलीस फक्त गुन्हे मोजतात. रियास गुन्ह्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या घटनाही मोजते, पण तिच्यापर्यंत पोहोचलेल्याच. दोन आकडे एकमेकांत मिसळले, किंवा नोंदी वाढल्या म्हणून तेवढ्याच प्रमाणात द्वेष वाढला असं लिहिलं, की संस्थेची विश्वासार्हता संपली. आकडा असलेलं प्रत्येक पत्रक मंडळातल्या संशोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

९. सल्ला मिळाल्यावर

इतिवृत्तात कोणी काय म्हटलं याची नाटकवजा नोंद नको. प्रश्न, शिफारस, वेगळं मत आणि कारणं, एवढं पुरे. त्यानंतर कार्यकारिणीने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं: शिफारस स्वीकारली, अंशतः स्वीकारली की नाकारली, आणि का. चार आठवड्यांची मुदत योग्य. नाकारायला हरकत नाही, निर्णय कार्यकारिणीचाच आहे. पण उत्तरच न देणं हा सल्लागार गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. माझ्या माहितीतल्या एका संस्थेचं चांगलं मंडळ असंच विरून गेलं. भांडण नाही, राजीनामे नाहीत, फक्त माणसं येईनाशी झाली.

१०. हल्ला किंवा मोठी घटना घडते तेव्हा

९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, हाले शहरात सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, सशस्त्र हल्ला झाला. दारावर पोलीस पहारा नव्हता. लाकडी दार टिकलं म्हणून आत प्रार्थनेला बसलेली माणसं वाचली. हल्लेखोराने बाहेर दोघांचे जीव घेतले. अशा दिवशी बैठक बोलावायला वेळ नसतो, म्हणून आधीच ठरवून ठेवा:

दोन सल्लागारांचे नंबर, ज्यांना कधीही फोन करता येईल. सण असेल तर सण पाळणाऱ्यांचे फोन बंद असतात, म्हणून त्यांतला एक तरी न पाळणारा असावा. पहिला फोन बाधित समाजमंडळाला करा, "आमच्याकडून काय हवं?" एवढंच विचारायला. ते पोलिसांत आणि दवाखान्यात गुंतलेले असतील तर निरोप ठेवून थांबा. पत्रकात हल्लेखोराचं नाव, त्याची चित्रफीत, त्याचं लिखाण काहीही नको. पीडितांची ओळख पटेल असा तपशील नको. पहिल्या तासात हेतूविषयी तर्क नको. पत्रक वकील आणि समुपदेशक दोघांनी पाहिल्यावरच बाहेर जाईल. गुन्हा नोंदवायचा तर पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यात तक्रार देता येते. २०२१ पासून ज्यूद्वेषी हेतूचा उल्लेख शिक्षा ठरवण्याच्या कलमातच आला आहे, म्हणून तक्रारीत तो हेतू स्पष्ट लिहायला पीडिताला मदत करा. तक्रार करायची की नाही, हे मात्र पीडितानेच ठरवायचं.

११. आपण काय घेऊन येतो याकडेही पाहा

हे मी खास आपल्याकडून येणाऱ्यांसाठी लिहिते आहे. कडक मास्तरांना किंवा घरातल्या शिस्तीच्या माणसाला "हिटलर" म्हणायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याचं आत्मचरित्र पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी विकायला असतं. इथे टेबलावर बसलेल्याच्या आजीचं अख्खं घर त्या माणसाने संपवलेलं असू शकतं. ही सवय पूर्ण सोडा, गमतीतही नको.

स्वस्तिकाचा प्रश्न हमखास येतो. नाझी चिन्हांवर बंदी घालणारा कायदा आपल्या मंगलचिन्हासाठी केलेला नाही, पण दिवाळीत बाल्कनीत काढलेलं स्वस्तिक रस्त्यावरून जाणाऱ्याला दुसरंच काही वाटू शकतं आणि वरच्या मजल्यावरच्या ज्यू शेजाऱ्याच्या छातीत धस्स होऊ शकतं. घरात, देवघरात काढा. बाहेर आणि कार्यालयात नको.

"भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही" हे वाक्य आपण अभिमानाने बोलतो, आणि बेने इस्रायली घरांतही हीच आठवण सांगितली जाते. पण समोरचा आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगत असताना ते बोललं तर त्याचं बोलणं तिथेच तुटतं. विचारलं तर जरूर सांगा. मुंबईत मांडवीला १७९६ पासून सिनेगॉग आहे, रायगडच्या गावांत सिनेगॉग आहेत, मराठीत कीर्तनं करणारे ज्यू होऊन गेले, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि ते ऐकायला त्यांना मनापासून आवडतं.

१२. मुदत संपताना

मुदत संपायच्या सहा महिने आधी प्रत्येक सल्लागाराशी वेगळं बोला: पुढे राहणार का, कोणाचं नाव सुचवाल, काय खटकलं. सगळे एकदम बदलू नका, निम्मे ठेवा. जाणाऱ्यांची नावं त्याच दिवशी संकेतस्थळावरून, लेटरहेडवरून आणि छापील पत्रकांवरून काढा. राहून गेलेल्या नावामुळे, संबंध संपल्यावरही, धमक्या त्याच माणसाकडे जात राहतात.

तुम्ही स्वतः नोकरी सोडत असाल तर पुढच्या व्यक्तीसाठी एक फाईल ठेवा: संमतीपत्रं, व्याख्येचा कार्यालयीन कागद, आतापर्यंतचे प्रश्न आणि कार्यकारिणीची उत्तरं, कोणाला काय खायला चालतं, कोणाचं नाव छापायचं नाही. आणि तातडीचे दोन फोन नंबर पहिल्या पानावर लिहा.